वैविध्य आणि एकनिष्ठा

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥



मागल्या आषाढी वारीतली गोष्ट. श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम वाल्ह्याला होता. हरिपाठ झाला, पंगती उठल्या आणि आमच्या राहुटीपुढे चार माणसे बोलत बसली. त्यांत पन्नाशीच्या घरातील एक बाई होत्या. दरसाल आमच्याच दिंडीत चालतात. त्यांनी मला विचारले, "म्हाराज, हितं रोज गाव निराळं, पाणी निराळं, माणसं निराळी. दिवस कसा जातोय कळत न्हाई. पर घरी गेलं की तीच चूल, तीच धुणी, तीच भांडी. तेच तेच करून जीव इटतो. ह्याच्यावर पोथीत काय सांगितलंय का?"

चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्याच्या जिभेवर उत्तर तयारच असते. मी म्हणालो, "माउली, काम तेच असो, ते नाम घेत करा. मग ते रोज नवे वाटेल." बाई म्हणाल्या, "नाव तर घेतोच की. पर हितं दिंडीत तुम्ही गडीमाणसं भाजी चिरता, पाणी भरता, पत्रावळ्या उचलता. घरी का न्हाई उचलत?"

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या रात्री झोप काही लागेना. बाईंनी विचारले ते खरोखर शास्त्राचे होते, आणि मी दिलेले उत्तर केवळ सवयीचे होते. संसारात वैविध्य म्हणजे काय, त्याची किंमत काय, आणि एका विठ्ठलावर निष्ठा ठेवणाऱ्या वारकऱ्याला त्याचे प्रयोजन काय, याचा विचार मी पुढे वर्षभर केला. तो येथे क्रमाने मांडतो. चुकले तर लेकराचे म्हणून पदरात घ्यावे.

शब्दाचा अर्थ

प्रथम शब्द पाहू. 'विधा' म्हणजे प्रकार, रीत. तिच्यामागे 'वि' हा उपसर्ग लागला की 'विविध' होते, म्हणजे ज्याच्या रीती अनेक आहेत ते. विविधपणा तो वैविध्य. या शब्दाच्या पोटातच एक गोष्ट दडलेली आहे. रीती अनेक म्हटले की त्या कोणाच्या तरी रीती असल्या पाहिजेत. कापड असेल तर लुगडे, धोतर, उपरणे हे प्रकार संभवतात. कापडच नसेल तर प्रकार कशाचे सांगणार? म्हणून ज्याच्या मुळाशी काही एक आहे, तेच वैविध्य. मूळ नसलेल्या नुसत्या अनेकपणाला आपल्या गावच्या भाषेत पसारा म्हणतात. पसारा आणि वैविध्य यांतील हा फरक वाचकांनी मनात धरून ठेवावा, पुढे तो कामाला येईल.

पूर्वपक्ष

येथे कोणी शंका घेईल की, "महाराज, वैविध्याचे कौतुक कशाला सांगता? श्रुतीने तर अनेकत्व पाहणारा मृत्यूकडून मृत्यूकडे जातो असे स्पष्ट बजावले आहे. आमचा देव एक, क्षेत्र एक, माळ एक, मंत्र एक. गोडी एकाची लागावी, चार ठिकाणी मन गेले की भक्ती पातळ होते."

शंका योग्य आहे. ती टाळून पुढे जाता येणार नाही.

समाधान

कठ आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत हे वचन आले आहे. त्यात 'नाना' या शब्दापाठोपाठ 'इव' हे अव्यय आहे. पाठशाळेत आमचे गुरुजी या 'इव'वर बोट ठेवून थांबायचे. म्हणायचे, "अव्यय लहान असते, पण वाक्याचा कासरा त्याच्या हातात असतो." 'इव' म्हणजे 'जणू काही'. जे मुळात एक आहे ते जणू तुटक तुटक आहे असे जो पाहतो, त्याचा तेथे निषेध आहे. रूपे अनेक आहेत असे म्हणणाऱ्याचा नाही. ती एकमेकांपासून आणि मुळापासून तुटली आहेत असे मानणाऱ्याचा आहे. दुसरीकडे छांदोग्यात आणि तैत्तिरीयात त्या एकालाच अनेक व्हावेसे वाटले असे सांगितले आहे. ज्याची हौस खुद्द परमात्म्याला झाली, ते वैविध्य केवळ टाकाऊ कसे म्हणावे?

वेदांतात भेद तीन प्रकारचे सांगतात. पंचदशीत विद्यारण्यांनी त्यासाठी झाडाचा दृष्टांत घेतला आहे. झाड आणि दगड यांतला भेद विजातीय. एक झाड आणि दुसरे झाड यांतला भेद सजातीय. आणि एकाच झाडाचे पान, फूल, फळ यांतला भेद स्वगत. ब्रह्माच्या ठिकाणी हे तिन्ही नाहीत, हा परमार्थ झाला. पण आपण संसारात, व्यवहारात बसलो आहोत. तेथे या दृष्टांताचा आपल्याला एवढा उपयोग आहे की, पान फुलाशी भांडत नाही आणि फळ पानाला हिणवीत नाही, कारण रस एकाच मुळाचा. घरातील, गावातील, दिंडीतील भेद आपण विजातीय मानतो की स्वगत मानतो, यावर सगळे सुखदुःख अवलंबून आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार आले आहेत. वेगवेगळ्या भूतांत एकच अविनाशी भाव पाहते ते सात्त्विक. वेगवेगळे ते वेगवेगळेच, असे पाहते ते राजस. आणि तिसरे फार लक्ष देण्यासारखे आहे. एखाद्या एकाच गोष्टीला, कारण नसताना, हेच काय ते सर्वस्व असे मानून चिकटते ते तामस. वाचकहो, आपण अनेकत्वाला भितो, पण भगवंतांनी त्याखालचीही एक पायरी दाखविली आहे. आपल्या हातातल्या एका तुकड्याला पूर्ण समजणे, हे अनेकात हरवण्यापेक्षाही खालचे आहे. एकनिष्ठा आणि एककल्लीपणा यांत हाच फरक. एकनिष्ठ माणसाला आपला विठ्ठल सर्वत्र दिसतो, एककल्ल्याला तो आपल्याच देव्हाऱ्यात बसलेला हवा असतो.

वैविध्य एकाचे रक्षण करते

आता दृष्टांत. मी ज्या पाठशाळेत व्याकरण आणि न्याय शिकलो, तिच्या एका ओसरीवर वेदाचे विद्यार्थी बसत. आम्ही लघुकौमुदी घोकत असू आणि शेजारी त्यांची संथा चाले. तेच मंत्र ते निरनिराळ्या रीतीने म्हणत. संहितापाठात शब्द संधीसह जोडून, पदपाठात एकेक शब्द सुटा. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. जटेत पहिला-दुसरा, मग उलट दुसरा-पहिला, मग पुन्हा पहिला-दुसरा. याखेरीज माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन. जटा धरून या आठ विकृती म्हणतात.

मला पोरवयात हे खुळेपणाचे वाटे. मी गुरुजींना विचारले, "सरळ मंत्र येतो, मग उलटा कशाला म्हणायचा?" ते म्हणाले, "एकाच वाटेने पाठ केलेले एका ठेचेत पडते. आठ वाटांनी केलेले आठही ठिकाणी सावरते." हजारो वर्षे लेखनाच्या आधाराशिवाय मुखोद्गत राहिलेल्या त्या शब्दांचे अक्षर न् अक्षर टिकले ते याच युक्तीने. पाठाच्या रीती अनेक झाल्या म्हणून मंत्र बदलला नाही; उलट म्हणूनच तो बदलू शकला नाही. आरंभी सांगितलेला फरक येथे दिसतो. मूळ एक धरून प्रकार वाढविले की मूळ पक्के होते.

आपल्या दिंडीतही हेच आहे. दिंडीत वीणेकरी एक. तो वीणा खाली ठेवीत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देऊनच मोकळा होतो. मृदंगाचे बोल वेगळे, टाळाचा ठोका वेगळा, पताका धरणाऱ्याचे काम वेगळे, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या मायबहिणीचे वेगळे, पाण्याचा हंडा घेणारीचे वेगळे. सगळ्यांच्याच गळ्यात वीणा घातल्या तर दिंडी होईल का? आणि दिवसभर एकच अभंग एकाच चालीत म्हटला तर पाय उचलतील का? म्हणून पूर्वजांनी क्रम लावून दिला. पहाटे काकडा आणि भूपाळ्या, वाटेने रूपाचे अभंग, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. रिंगणसुद्धा एक उभे आणि एक गोल. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते तेव्हा दोन्ही बाजूंच्या रांगांमधून अश्व धावतो. पुढे गोल रिंगणात तोच अश्व वर्तुळाने फिरतो. अश्व तोच, पालखी तीच, पण डोळे दोन्हीकडे तितकेच भरून येतात.

अन्नाचा आणि शेताचा दृष्टांत

आयुर्वेदाने रस सहा मानले आहेत. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. मराठी माणसाची येथे एक गल्लत होते. शास्त्रातले 'कटु' म्हणजे तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे आपले कडू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असे म्हटले आहे की, सहाही रसांची सवय ही बळ देणाऱ्या गोष्टींत श्रेष्ठ, आणि एकाच रसाची सवय दुर्बळ करणारी. म्हणजे रोज श्रीखंड खाणारा सुखी नव्हे, तो अशक्त होणार. पाडव्याच्या दिवशी आपण कडुनिंबाची पाने, गूळ, चिंच, मीठ, मिरी, ओवा वाटून खातो. वर्षाच्या पहिल्याच दिवशी मुलांच्या जिभेला सांगतो की, बाबांनो, येणारे वर्ष नुसते गुळाचे नाही.

आपल्या संप्रदायाने खाण्यालाही वळण लावले आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची, मग चातुर्मासात कांदा-लसूण बंद. दर पंधरवड्याला एकादशीचे उपोषण आणि द्वादशीचे पारणे. वर्षाला चोवीस एकादश्या, अधिकमास आला तर सव्वीस. पारण्याच्या दिवशी साधी भाकरी किती गोड लागते ते उपास केलेल्यालाच कळते. नवा पदार्थ न आणता जुन्या पदार्थाला नवी चव आणण्याची ही युक्ती आहे. वैविध्य म्हणजे केवळ भर घालणे नव्हे. काही काळ सोडणे हेही वैविध्यच.

आमचे वडील कोरडवाहू शेतकरी. बाजरीच्या रानात तुरीची ओळ, मध्ये मटकी नि हुलगा, बांधाच्या कडेला अंबाडी. शेजारचा कोणी थट्टेने म्हणे, "हे शेत आहे का वाण्याचं दुकान?" वडील म्हणत, "पाऊस काय मला विचारून पडतो का? एक गेलं तर एक हाती लागंल." ज्वारीच्या आधी हरभऱ्याचा बेवड असला की ज्वारी जोमाने येते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. आता शास्त्र सांगते की कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीला देतात. एक पीक घेते, दुसरे देते. एकच पीक वर्षानुवर्षे घेतले तर घेणेच चालू राहते, देणारे कोणी उरत नाही.

परंतु खरे तेच सांगावे. 1972 सालच्या दुष्काळात वडिलांचे हे गणितही चालले नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. बाजरीही गेली नि हुलगाही गेला. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तिला मिलो म्हणत, ती आम्ही महिनोन्महिने खाल्ली. कामावर मुलांना सुकडी मिळे. त्या अन्नाने जगविले, त्याला नावे ठेवणार नाही. पण सकाळ-संध्याकाळ तेच ते खाताना जीव कसा होतो, हे मी तेव्हा अनुभवले आहे. वाल्ह्याच्या त्या बाईंचे "जीव इटतो" हे बोलणे मला म्हणूनच हसण्यावारी नेता आले नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा बाजरी-नाचणीची महती व्याख्यानांतून ऐकू आली. मला वडिलांचे ते वाण्याचे दुकान आठवले.

संतमेळ्याचा दृष्टांत

आपल्या संप्रदायाचे वैभव कशात आहे? नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा मंगळवेढ्याचे, जनाबाई नामदेवांच्या घरच्या दासी. देव एक, पण त्याच्याकडे जाताना कोणी आपली हत्यारे टाकून आले नाही. सोनाराला देव मुशीत आणि दागिन्यात दिसला, माळ्याला मळ्यात, जनाबाईंना जात्यावर. नामदेवरायांनी मराठीत गायिले आणि उत्तरेत गेल्यावर तिकडच्या बोलीतही गायिले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आजही म्हटली जातात. एकनाथ महाराजांनी तर भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशा किती जणांच्या तोंडी परमार्थ घातला! पैठणचा हा पंडित संस्कृत भागवतावर टीका लिहितो आणि विंचू चावल्याचे सोंगही आणतो. त्यामुळे त्यांची निष्ठा पातळ झाली काय? उलट ज्यांच्यापर्यंत पोथी पोचत नव्हती त्यांच्या अंगणात ती नाचत गेली.

मात्र येथे एक काटा आहे, तो झाकून ठेवणे पाप होईल. वैविध्याचे नाव घेऊन आपल्या समाजाने उच्चनीचता पोसली. "प्रत्येकाचे स्थान वेगळे" असे गोड शब्दांत म्हटले आणि चोखोबांना महाद्वाराच्या बाहेर उभे केले. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. आत जाताना आपण तिला हात लावून पुढे जातो, पण ती तेथे बाहेर का आहे याचा विचार किती जण करतात? श्रीविठ्ठलाचे मंदिर सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले, तेव्हा दार उघडले. संतांना जे सातशे वर्षांपूर्वी कळले होते, ते आपल्याला कळायला इतका काळ लागला. म्हणून सिद्धांत असा : ज्या भेदाने एकाला दुसऱ्याचा उपयोग होतो ते वैविध्य, ज्या भेदाने एक आत आणि दुसरा बाहेर राहतो तो अन्याय. पान आणि फूल वेगळे, पण पाणी दोघांनाही मिळते.

माझी एक चूक

दुसऱ्याला उपदेश करणाऱ्याने आपलेही सांगावे. 1988 साली मी शिकून गावी परतलो. अंगात विद्येची रग होती. आमच्या गावात हरिपाठाची एक जुनी चाल होती, वाडवडिलांपासून चालत आलेली. ती उत्तम म्हणणारे एक म्हातारे बाबा होते. अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठ सगळा मुखोद्गत. मी शिकून आलो होतो ती चाल वेगळी, बांधेसूद. सप्ताहात पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, "बाबा, ही चाल अशुद्ध आहे. आता सगळ्यांनी एकच चाल म्हणायची."

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, खांबाला टेकून बसले, टाळ मांडीवर ठेवले, वाजविले नाहीत. सप्ताह संपेपर्यंत तसेच बसले. पुढे येईनासे झाले. दोन वर्षांनी गेले. मंडळींनी माझी चाल उचलली, हरिपाठ एकसुरात होऊ लागला, लोकांनी माझी वाहवा केली आणि मला ती गोड वाटली.

बऱ्याच वर्षांनी त्यांची नात माहेरी आली होती. तिने मला विचारले, "महाराज, आमच्या आजोबांची चाल कुणाला येते का? माझ्या पोराला शिकवायचीय." मी रात्रभर आठवीत बसलो. एवढेच आठवले की तिसऱ्या चरणाला आमची चाल खाली उतरते तेथे त्यांची वर चढत असे. बाकी सारे पुसून गेले होते. गावात विचारले, कोणालाच येत नव्हते. चार पिढ्यांनी सांभाळलेले मी एका वाक्यात घालविले. त्या वेळी मला वाटले होते की मी एकनिष्ठा शिकवीत आहे. गीतेचा तो तामस ज्ञानाचा श्लोक मला पाठ होता, अर्थही सांगता येत होता; पण तो माझ्यासाठी आहे हे कळायला नातीचा प्रश्न यावा लागला.

आज मी तरुण कीर्तनकारांना हेच सांगतो. एका नावाजलेल्या बुवांची ध्वनिफीत ऐकून दहा तालुक्यांतील पोरे त्याच चालीत, त्याच विनोदांसह, त्याच ठिकाणी हात उंचावून कीर्तन करतात. बाबांनो, त्यांचा अभ्यास घ्या, त्यांचा गळा घेऊ नका. आपल्या गावची चाल, आपल्या आजीची ओवी, आपल्या बोलीतला शब्द कीर्तनात येऊ द्या. ती गेली तर विकत मिळत नाही.

वैविध्य आणि चांचल्य

कोणी म्हणेल, "मग मन जाईल तिकडे जावे काय?" नाही. चांचल्य वेगळे. आजकाल माणूस हातातल्या मोबाइलवर बोट सरकवीत बसतो. घटकेत शंभर चित्रे जातात. वरून पाहता केवढे वैविध्य! पण पाहणारा एकाच जागी, एकाच मुद्रेत, एकाच अतृप्तीत. चित्रे बदलली, तो काही बदलला नाही. हा पसारा झाला. उलट वारकरी दरसाल त्याच वाटेने जातो. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. गावे तीच, घाट तोच. पण गेल्या साली बरोबर असलेला सोबती यंदा नाही, गेल्या साली कडेवर असलेले पोर यंदा टाळ धरते, आणि आपल्या गुडघ्यांनीही काही नवे सांगायला सुरुवात केलेली असते. वाट बदलली नाही, चालणारा बदलला. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या बदलानंतर आपल्या मूळ ठिकाणी परत येताना गोडी वाढलेली असते ते वैविध्य. ज्याच्यानंतर मूळ ठिकाण नकोसे होते ते चांचल्य.

नित्याचे आचरण

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. वर्षभराच्या विचारानंतर मला जे सुचले ते असे.

पहिले. घरात कामांची अदलाबदल करावी. दिंडीत पुरुष भाजी चिरतो, पाणी भरतो, उष्टी काढतो आणि त्याला ती सेवा वाटते. तीच सेवा घरी केली तर पुरुषार्थ कमी होतो काय? निदान एकादशीच्या दिवशी तरी घरच्या पुरुषांनी चूल सांभाळावी आणि घरच्या माउलीने निवांत पोथी ऐकावी. हे मी स्वतः गेल्या कार्तिकीपासून करतो आहे. पहिल्या दिवशी वरी करपली. घरच्या मंडळींनी ती मुकाट्याने खाल्ली. पण आमच्या सौभाग्यवती त्या दिवशी पहिल्यांदा हरिपाठ संपेपर्यंत एका जागी बसल्या, हे मी पाहिले. इतकी वर्षे त्या मध्येच उठतात हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दुसरे. रोजच्या भजनात महिन्यातून एक तरी नवा अभंग आणावा, आणि गावातील एखाद्या वृद्धाची जुनी चाल जाणूनबुजून शिकून घ्यावी. ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची सोय आहे त्यांनी ती उतरवून ठेवावी.

तिसरे. ताटात धान्य पालटते ठेवावे. जमेल त्याने रानाच्या एका कोपऱ्यात तरी मिसळपीक करावे.

चौथे. आपल्यापेक्षा निराळ्या रीतीने देवाला आळविणारा भेटला तर आधी ऐकावे, मग बोलावे. शुद्ध-अशुद्ध ठरविण्याची घाई करू नये.

पाचवे. माळ, एकादशी, वारी आणि नाम या चार गोष्टी बदलू नयेत. हे आपले मूळ. बाकी फांद्या वाऱ्याने हलल्या तर हलू द्याव्या.

उपसंहार

'तेच काम नामात करा' हे माझे उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. कष्टाने विटलेल्या जीवाला केवळ दृष्टी बदल असे सांगणे सोपे. त्याच्या हातातील भांडे आपल्या हातात घेणे अवघड. संतांनी दुसरेच केले. देव जनाबाईंच्या जात्याला हात लावायला आला, असे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. तो त्यांना उपदेश करून निघून गेला असे कोठेही नाही.

येत्या वारीत त्या बाई भेटतील. त्यांना मी नवे उत्तर देणार नाही. पंगत उठली की पत्रावळ्या उचलीन, आणि घरी करपलेल्या वरीची हकीकत सांगेन. मग त्या काय म्हणतात ते ऐकेन.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥ पंढरीनाथ महाराज की जय ॥